ला बूदझचं कोपर

मी ला बूदझ बोलतेय. नदी. पुलावरून जाताना तुम्ही जिच्यात थुंकता, ती.

आता जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझ्या तळाची शपथ. माझा तळ दर वसंतात जागा बदलतो, ती गोष्ट वेगळी. आजवर मी एकाही माणसाला बुडवलेलं नाही. म्हणजे, दोघांना. त्यातला एक दारू पिऊन आपणहून पडला होता, आणि दुसरा जमिनी मोजायला आलेला सरकारी माणूस होता, त्याचं कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. गाईगुरं यात धरलेली नाहीत.

एक आधीच सांगून टाकते. तुम्ही मला आवडत नाही. नद्या म्हणजे आई, नद्या म्हणजे माया, असलं काही ऐकायला आला असाल तर दुसरी नदी बघा. मी सें-क्रिसोल परगण्याची नदी आहे. इथं माया कुणाला परवडत नाही.

माझा जन्म बर्फाच्या डोंगरातून झाला. तो वितळला, त्याच्या जागी समुद्र आला, समुद्र कंटाळून निघून गेला आणि मागं निळी चिकणमाती सोडून गेला. त्या मातीत, वरच्या काळ्या दलदलीतून, मी वाट काढत आले. याला झाली दहा हजार वर्षं. नद्यांमध्ये ही चाळिशी. अंगात रग आहे अजून, पण पहिल्यासारखं कुणी वळून बघत नाही.

सुरुवातीला झाडाच्या सालीच्या होड्या घेऊन काही लोक यायचे. त्यांनी मला एक नाव दिलं होतं. ते मी तुम्हाला सांगणार नाही. मग तुमचे लोक आले, कुऱ्हाडी, डुकरं आणि पाद्री घेऊन. त्यांना मी एकदा पुढं जाते, एकदा मागं फिरते, मध्येच गोल वळसा घालते, हे काही पसंत पडेना. त्यांनी मला ला बूदझ म्हटलं, म्हणजे रुसकी. मी रुसत नव्हते. मी विचार करत चालत होते.

प्रत्येकाला माझा घोट हवा होता. म्हणून त्यांनी जमिनीच्या लांबच लांब चिंधोट्या फाडल्या, रुंदीला अंगणाएवढ्या आणि लांबीला पार जंगलापर्यंत. प्रत्येक चिंधोटीचं तोंड माझ्या काठाला. दुधावर मांजरं बसावीत तशी घरं ओळीनं बसली. पाणी प्यायले, कपडे धुतले, लाकडाचे ओंडके माझ्या अंगावरून ढकलत नेले, लाकूड चिरायच्या गिरणीसाठी बांध घातला, गिरणी जळली, बांध तसाच सोडून दिला. आभार मानायला कुणी आलं नाही. बांध काढायलाही कुणी आलं नाही. तो मीच काढला, एका एप्रिलमध्ये, दोन गोठ्यांसकट.

मग ते आपापसांत भांडले. मधल्या वस्तीला लाकडी फळ्यांचे पदपथ हवे होते, शेतकऱ्यांना त्याचे पैसे द्यायचे नव्हते. झाले दोन तुकडे. मधोमध गाव, आणि त्याच्या भोवती, भाकरीवरच्या लोण्याच्या गोळ्याभोवती भाकरी असते तसा, परगणा. चर्च एक, महापौर दोन. मी परगण्यातून गावात शिरते आणि गावातून पुन्हा परगण्यात बाहेर पडते. वरच्या गाई माझ्यात उभ्या राहून जे करायचं ते करतात आणि ते गावाला मिळतं. गाव आपली गटारं माझ्यात सोडतं आणि ते खालच्या परगण्याला मिळतं. दोघंही मला घाणेरडी म्हणतात. शब्द तोच, फक्त बोट उलट्या दिशेला.

पदपथ केव्हाच कुजले. भांडण अजून ताजं आहे.

त्यानंतर सरळ करणारे आले. शहरातून आलेले, बुटांना चिखल न लागलेले. त्यांचं म्हणणं, वळणांमुळं पाणी रेंगाळतं, शेतं ओली राहतात, पेरणीला उशीर होतो. त्यांनी लोखंडाचा हात असलेलं मशीन आणलं आणि माझी वळणं एकेक करून कापली. जिथं बदकं घरटी करायची तिथं मका आला. मी उताराला लागलेल्या गाडीसारखी सरळ पळायला लागले. नदी कसली, नाव असलेला चर!

एक वळण तेवढं राहिलं. त्याला सगळे कोपर म्हणत. त्याच्या आतल्या जमिनीला तीन बाजूंनी मी आणि चौथ्या बाजूला झेफिरीन तिबुतोचं घर.

झेफिरीन म्हणजे साठी ओलांडलेली, एकटी, पुरुषी कोट घालणारी, कुणाशीही पटत नसलेली बाई. कोपरातलं गवत तिच्या गाईंचं. दर वसंतात मी त्या जमिनीवर चढून मातीचा थर टाकून येत असे. प्रेमानं नव्हे, मला तिथं ओझं उतरवायची सवय होती. पण गवत असं यायचं की गाई त्यात पोटापर्यंत बुडायच्या. बाकी तिची जमीन दगडगोटे. कोपर गेलं तर गाई विकायच्या आणि गाई विकल्या तर शहरात बहिणीच्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत जाऊन पडायचं. हे तिला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. आणि पलीकडच्या काठावरच्या रोझेर लांक्तोला सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं.

रोझेर तिचा चुलतभाऊ लागायचा, लांबचा. परगण्याचा महापौर. माझ्या उत्तर काठावर, कोपराच्या जरासं खाली, त्याची मेपलची राई, आणि राईत झाडांचा रस आटवायची लाकडी खोपी. रोझेरला सरळ रेषा फार आवडायच्या. त्याचा भांगसुद्धा सरळ होता, जेव्हा केस होते तेव्हा.

चर्चच्या तळघरात सभा भरली. मी तिथं नव्हते असं तुम्ही म्हणाल. दर वर्षी त्या तळघरात माझं पाणी शिरतं, भिंतींनी सगळं ऐकून ठेवलेलं असतं.

"कोपराच्या मानेत, वळणाची दोन टोकं जवळ येतात तिथं, चर खणला की काम झालं," रोझेर म्हणाला. "पाणी सरळ जाईल. सगळ्यांची शेतं लवकर सुकतील."

"आणि माझं गवत चराच्या पलीकडं जाईल," झेफिरीन म्हणाली. "तुझ्या बाजूला."

"अगं, गवत काय, कुठंही उगवतं."

"मग तुझ्या डोक्यावर का नाही उगवत?"

लोक हसले. पाद्रीबाबांनी खोकल्याचं सोंग केलं. रोझेर लाल झाला.

"हे बघ झेफिरीन, मी काही कुणाचं हिसकावत नाही. आपल्या आजोबांनी हातात हात देऊन काय ठरवलं होतं? पाण्याच्या अलीकडचं तुमचं, पलीकडचं आमचं. पाणी सरकलं की हद्द सरकली. हे मी सांगत नाही, थडग्यातले दोन म्हातारे सांगताहेत."

"पाणी आपणहून सरकलं तर, रोझेर. तू ढकललंस तर नव्हे."

"पाण्याला कुणी ढकललं हे काय पाणी येऊन सांगणार आहे?"

सांगतेय ना. आणि काय करतेय?

हात वर झाले. चर मंजूर. झेफिरीननं कोट चढवला आणि दारातून मागं वळून म्हणाली, "माझ्या अंगणातून मशीन नेऊन दाखव." दुसऱ्या दिवसापासून ती फाटकात खुर्ची टाकून बसली. मांडीवर पाना. लोणी काढायच्या यंत्राचा होता, पण तो कशाचा आहे हे विचारायला जवळ कोण जाणार?

तेव्हा रोझेरनं हिवाळा यायची वाट पाहिली. जमीन गोठून दगड झाली की मशीन रुतत नाही, आणि मी गोठले की पूल लागत नाही. त्याच्या काठावरून निघायचं, माझ्या छातीवरून चालत कोपरात उतरायचं, झेफिरीनच्या फाटकाचा प्रश्नच नाही. माणसांनी बर्फाला भोक पाडून पंपानं पाणी उपसलं, ते वर पसरून पुन्हा गोठवलं आणि जाड रस्ता तयार केला. दोन्ही कडांना सूचिपर्णी झाडांच्या फांद्या रोवल्या. आमच्याकडं बर्फावरचा रस्ता असाच आखतात. वादळात समोरचं नाक दिसत नसलं तरी दोन्ही बाजूंना हिरवी झाडं दिसली की माणूस डोळे झाकून घोडा हाकतो, गाडी हाकतो, बायकोला माहेरी सोडून येतो.

इथंवर सगळं नीट चाललं होतं. माझ्या दृष्टीनं, वाईट चाललं होतं.

पण त्याच आठवड्यात गावातला नाताळ संपला. घराघरातून वाळायला लागलेली झाडं बाहेर पडली. गावाची कचऱ्याची गाडी गावाच्या हद्दीपर्यंतच जाते, परगण्याची गाडी गावातला काटाही उचलणार नाही. मग गावकऱ्यांनी नेहमीचंच डोकं लढवलं. झाडं ओढत आणून, हद्द ओलांडून, माझ्या अंगावर टाकायची. म्हणजे एप्रिलमध्ये बर्फाबरोबर ती परगण्याच्या माथी. टाकून मोकळं व्हायचं ना? पण नाही. इथल्या माणसाच्या हातात सूचिपर्णी झाड आणि पायाखाली बर्फ आला की ते झाड त्याला आडवं टाकवतच नाही. उभं रोवलं. पहिल्यानं एक, दुसऱ्यानं त्याच्या रांगेत दुसरं, तिसऱ्यानं समोर. दोन सुबक ओळी झाल्या. कोपराच्या बाहेरच्या वळणावर, नेमक्या तिथं, जिथं खाली मी सगळ्यांत जोरात धावते आणि वर साय धरावी तेवढाच बर्फ धरते.

ते मशीन ओविला काये चालवत होता. ओविला नदीपासून चौथ्या ओळीतल्या शेतवस्तीतला, याच मातीतला. परका ड्रायव्हर असता तर थांबून चौकशी केली असती. ओविलाला चौकशीची गरज नव्हती. सकाळी बारीक बर्फ उडत होता, त्याला दोन ओळी दिसल्या आणि त्यानं मशीन वळवलं. एका झाडावर चंदेरी झिरमिळ्या होत्या. दुसऱ्यावर लाल गोळा.

"रोझेरनं यंदा खर्च केलेला दिसतोय," ओविला स्वतःशीच म्हणाला.

मी तोंड उघडलं.

आवाज असा झाला की पाद्रीबाबांची कोंबडी अंडं द्यायची राहिली. मशीन आधी बसलं, मग झुकलं, मग सावकाश, पाहुण्यानं आरामखुर्चीत टेकावं तसं, माझ्या गाळात टेकलं. लोखंडी हात तेवढा वर राहिला, वर्गात उत्तर येत असल्यासारखा. ओविला खिडकीतून निघून त्या हातावरून चढला आणि तिथं बसून त्यानं वेदीवरचा पेला, प्रसादाची पेटी, समया, घंटा, चर्चमधली एकूण एक वस्तू नाव घेऊन घेऊन शिव्यांत आणली; आमच्याकडं शिव्या चर्चमधूनच निघतात. पाद्रीबाबांनाही एवढ्या वस्तू एका दमात आठवल्या नसत्या.

त्याला दोर टाकून ओढून काढलं ते झेफिरीननं. चुलीशी बसवलं, वाटाण्याचं गरम सूप पुढं ठेवलं.

"रस्ता कुणी आखला होता रे?"

"झाडं होती, मावशी! दोन्ही बाजूंना!"

"लाल गोळे लटकलेली?"

"मला वाटलं..."

"काय वाटलं? बाळ येशूला बघायला तीन राजे यायचेत?"

"सुपात मीठ कमी आहे," ओविला कुरकुरला.

"शत्रूच्या माणसाला एवढंच."

तेवढ्यात रोझेर धापा टाकत आला. "मशीन कुठाय?"

"नदीत."

"नदीत किती गेलंय?"

"सगळं."

रोझेर काठावर जाऊन गावाच्या दिशेनं ओरडला, की हा गावाचा कट आहे. गावचा महापौर घराच्या पायरीवरून ओरडला, "कुणाच्या हद्दीत बुडालं?"

"आमच्या!"

"मग तुमचं!"

झेफिरीन त्या दिवशी हसली. पहिल्यांदा. दात फार नव्हते, पण हसली.

आणि मग आला एप्रिल. दिवसा ऊन आणि रात्री हिव. मेपलच्या खोडांतून रस ठिबकायला लागला. रोझेर त्याच्या खोपीत मोठी कढई विस्तवावर ठेवून बसला. रस पाकाला आला की माणसाला हलता येत नाही. डोळ्यांची पापणी लवली तर पाक जळतो. म्हणून त्यानं माझा आवाज ऐकला, पण बाहेर आला नाही.

मी तडकले. वरच्या दलदलीपासून बर्फाच्या लाद्या एकमेकींच्या अंगावर चढत निघाल्या, दारं, कुंपणं, कुणाचा तरी संडास, सगळं घेऊन. कोपराच्या वळणावर त्या मशीनच्या लोखंडी हाताला पहिली लादी अडकली. तिला दुसरी. बघता बघता पांढरी भिंत उभी राहिली, चर्चच्या छपराएवढी. मी मागं फुगले. इकडं जावं की तिकडं? दक्षिणेला झेफिरीनची दगडगोट्यांची जमीन. उत्तरेला रोझेरची मऊ निळी माती.

मी उत्तरेला वळले. त्याच्या शेतातून, राईच्या मागच्या अंगानं, लोण्यातून सुरी जावी तशी. त्याची खोपी, कढई, मेपलची शंभर झाडं आणि तो स्वतः, सगळं जागच्या जागी ठेवून मी फक्त त्यांच्या मागून गेले.

पाक उतरला तेव्हा रोझेर पळी हातात घेऊन बाहेर आला. घरी जायच्या वाटेवर मी होते. आणि जिथं मी असायचे तिथं नुसता गाळ, आणि त्या गाळातून, पुरुषी कोट सावरत, खुर्ची ओढत झेफिरीन येत होती.

"ये रोझेर," ती खुर्ची टेकवत म्हणाली. "माझ्या जमिनीवर तुझं स्वागत आहे."

"ही राई माझी आहे! माझ्या बापाची!"

"पाण्याच्या अलीकडचं आमचं. मी सांगत नाही, थडग्यातले दोन म्हातारे सांगताहेत."

"तूच काहीतरी केलंयस! कुणी ढकललं पाण्याला?"

"पाण्याला विचार. आणि ती पळी ठेव खाली. पाकसुद्धा अलीकडचाच आहे."

कशी वाटली गोष्ट? वसंतात बेडकांना सांगते तेव्हा ते इथंच टाळ्या वाजवतात.

आता तळाची शपथ घेतली आहे, म्हणून सांगावं लागतंय. मशीन बुडालं ते खरं. नाताळची झाडं खरी, लाल गोळा खरा, तो अजून माझ्या गाळात आहे. पाद्रीबाबांची कोंबडी मी पदरची घातली. आणि मी उत्तरेला वळले, ते खोटं.

रोझेर महापौर होता. बर्फ वितळायला लागायच्या आत त्यानं दुसरं मशीन मागवलं. या वेळी ओविलाच्या पुढं दोन माणसं काठीनं बर्फ ठोकत चालली, खऱ्या झाडांमधून. कोपराच्या मानेत चर खणला गेला. झेफिरीन फाटकातली खुर्ची उचलून धावत आली, तोवर तिच्या आणि तिच्या गवताच्या मध्ये खड्डा होता. एप्रिलमध्ये मी आले आणि मला उतार दिसला. मला कुणी ढकललं नाही. मी गेले, सरळ, सोपं होतं म्हणून. तुमच्याबद्दल मला जे वाटतं, ते त्या दिवसापासून थोडंसं स्वतःबद्दलही वाटतं.

कोपर आता माझं नाही. तिथं साचलेलं हिरवं पाणी आहे, त्यात मशीनचा हात वर आलेला आहे आणि त्याच्यावर एक खंड्या बसतो. गवत रोझेर कापतो. झेफिरीनच्या गाई शरदात विकल्या गेल्या. एक म्हातारी तेवढी कुणी घेतली नाही, ती आहे. बहिणीचं बोलावणं दोनदा येऊन गेलं.

पण सरळ करणाऱ्यांनी एक गोष्ट बघितली नाही. कोपर होतं तेव्हा मी त्याच्यात दमायचे. आता दमत नाही. चरातून सुटते ती थेट जाऊन आदळते रोझेरच्या राईच्या पायाशी, त्या निळ्या मातीवर. रोज थोडी थोडी. गेल्या उन्हाळ्यात एक मेपल वाकला, शरदात त्याच्या शेजारचा. खोपीच्या मागं जमिनीला भेग पडलीय. रोझेरनं तिच्यात राख भरून टाकली आणि कुणाला बोलला नाही.

तेव्हा मघाचं ते खोटं आहे, असं तरी कसं म्हणू? अजून झालेलं नाही, एवढंच.

यंदा जंगलात बर्फ मांडीएवढा साठलाय. मी झाकणाखाली पडून आहे आणि ऐकतेय. माझी तुम्हा कुणाकडं काही मागणी नाही. पुलावरून थुंकत राहा. रोझेरला मात्र एक सांगा, एवढी विनंती समजा: कढई विस्तवावर ठेवशील तेव्हा खोपीचं दार उघडं ठेव, आणि पाक जळला तर जळू दे.

इतक्या वर्षांत झेफिरीन माझ्याशी कधी बोलली नव्हती. माणसांशीच बोलत नाही ती. परवा ती चराच्या काठी आली, खुर्ची बर्फात घट्ट रोवली, बराच वेळ पलीकडच्या राईकडं बघत बसली. मग उठली आणि टाचेनं माझ्या पाठीवर दोनदा ठोकलं, झोपलेल्याला उठवावं तसं.

"अगं रुसके," ती म्हणाली, "किती वेळ लावतेस?"